तहानेला तप म्हणू नका



आजचा विषय जरा अवघड आहे. घरात चार पुरुष बसलेले असताना आपण तो काढत नाही, उपाश्रयात तर नाहीच. म्हणून इथे लिहिते. वाचून राग आला तर माझ्यावर काढा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या डिसेंबरात, पोष दशमीच्या आधी, अकोल्याहून शिरपूरला निघालेल्या छ'री पालित संघात मी होते. पार्श्वनाथ प्रभूंचं जन्मकल्याणक अंतरिक्षजींच्या चरणी करायचं, तेही पायी जाऊन, ही माझी कितीतरी वर्षांची इच्छा. मुलांची लग्नं, सासूबाईंचं आजारपण, दुकानाचे हिशेब, दरवर्षी काहीतरी निघायचं. या वेळी सूनबाईच म्हणाली, "आई, तुम्ही जा, मी बघते घर." तिचे उपकार आधीच मांडून ठेवते.

पातूरचा घाट ओलांडून मेडशीला आलो की आपला वाशीम जिल्हा लागतो. मी सांगणार आहे तो दिवस मेडशी ते मालेगाव या टप्प्याचा. दुसऱ्या दिवशी मालेगावहून शिरपूर.

पहाटे साडेचारला उठलो. जमिनीवर संथारा, अंगाखाली पातळ सतरंजी, विदर्भातली डिसेंबरची थंडी. प्रतिक्रमण झालं आणि दिसायला लागल्यावर निघालो. रस्त्याच्या कडेने तूर उभी होती, शेंगांनी लगडलेली. हरभऱ्याच्या शेतांवर दव होतं. पुढे झेंडा, मागे साध्वीजी म.सा., त्यांच्यामागे आम्ही एक्केचाळीस बायका. स्तवनं म्हणत, अनवाणी. त्या पहिल्या तासाचं सुख मी कधी विसरणार नाही. खोटं कशाला बोलू?

मग पहिला विसावा आला. आयोजकांनी उकळून थारलेल्या पाण्याची पिंपं ठेवली होती. व्यवस्था चोख, कुठे बोट ठेवायला जागा नाही. पुरुषांची रांग लागली, पेल्यावर पेले रिकामे झाले. आम्ही बायका बाजूला पाय चोळत बसलो. माझ्या शेजारच्या ताईला मी म्हटलं, "पच्चक्खाण पाळलं ना, चला पाणी घेऊ." ती हळूच म्हणाली, "नको गं. मग पुढे पंचाईत होते."

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. चाळीस वर्षं घरच्या कापड दुकानाची वही लिहिली आहे. मोजल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून मोजलं. एक्केचाळीसपैकी अकरा जणी पाण्याला उठल्या. त्या अकरांतल्या चौघींनी नुसते ओठ ओले केले. बाकीच्या तीस जणींचं उत्तर एकच होतं, कुणी शब्दांनी दिलं, कुणी नजरेने: पुढे पंचाईत होते.

काय पंचाईत, ते आपल्याला सगळ्यांना कळतं. अकोला-वाशीम रस्ता आता चौपदरी महामार्ग झाला आहे. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला शेताचं कुंपण. पुरुष रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला की त्याचं काम झालं. बाईने कुठे जायचं? तुरीच्या ओळीत? ते उभं पीक, त्यात दव, त्यात जीव. सचित्त टाळायचं हा आपल्या सहा नियमांतलाच एक, आणि हिरवं तुडवत आत जायचं? शिवाय ते कुणाच्या तरी घामाचं शेत. वाटेत एका पेट्रोलपंपावर गेलो तर महिलांच्या दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे, ते पोरगा सांगू शकला नाही.

मालेगाव अजून तासभर दूर असताना आमच्यातल्या एका ताईला घेरी आली. वय अठ्ठावन्न. रस्त्याच्या कडेला मटकन बसली. तोंड पांढरं पडलेलं, जीभ कोरडी. मी हिशेब केला. आदल्या दिवशी पावणेसहाला सूर्यास्त, चौविहार. तेव्हापासून साडेअकरापर्यंत पाण्याचा थेंब नाही. पावणेअठरा तास, आणि त्यातले चार तास चालणं.

तिला सावलीत न्यायचं म्हणून आम्ही रस्त्यालगतच्या एका घराकडे वळलो. मातीच्या भिंती, वर टिनपत्रा, अंगणात तुरीची काडी रचलेली. घरची बाई बाहेर आली, एका नजरेत तिला सगळं समजलं. ताईला बाजेवर टेकवलं आणि मग आमच्याकडे वळून म्हणाली, "अन् तुमी बी जाऊन या ना माय. तिकडं मागं संडास हाय. लाजाचं काय हाय त्यात?" आम्ही नऊ जणी होतो. तिने स्वतः बादल्या भरून दिल्या. तिच्या दारात हापसा नव्हता, पाणी लांबून आणलेलं होतं. आम्ही पैसे पुढे केले तर रागावली. त्या नऊ जणींनी त्यानंतर पोटभर पाणी प्यायलं. आम्ही नेलेलं उकळलेलंच, पण पोटभर. ताई दहा मिनिटांत बोलायला लागली.

संध्याकाळी मुक्कामाच्या मंडपात बहुमानाचा कार्यक्रम झाला. माइकवरून एक बंधू मोठ्या भावाने म्हणाले, आमच्या श्राविका बहिणींचं तप बघा, एवढी वाट चालल्या, पाण्यालाही शिवल्या नाहीत, अनुमोदना, अनुमोदना! सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. घेरी आलेली ताईसुद्धा हात जोडून बसली होती, डोळ्यांत पाणी आणून. मला मात्र ते ऐकून चीड आली. वय झालं तरी चीड येते. आणि त्याच रात्री मला थंडी वाजून ताप भरला. लघवीला जळजळ, कंबर धरलेली. दुसऱ्या दिवशी शिरपूरला मी पायी नाही, गाडीतून पोहोचले. घरी आल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती पीत होता?" त्यांना काय सांगू? तप करत होते?

म्हणून म्हणते बायांनो, तहानेला तप म्हणू नका.

तप कशाला म्हणतात, हे आपल्याला पाठशाळेपासून शिकवलं आहे. समजून, इच्छेने, पच्चक्खाण घेऊन जे सोडलं ते तप. त्याने होते ती सकाम निर्जरा. नाइलाजाने, कुणी बांधून घातलं म्हणून जी भूक-तहान सोसावी लागते, ती अकाम निर्जरा. टीकाकारांनी त्याला उदाहरण कुणाचं दिलं आहे? बंदिखान्यात अडकलेल्या माणसाचं. आता सांगा, "पुढे पंचाईत होते" म्हणून पेला बाजूला सारणारी बाई कोणत्या खात्यात बसते? तिने काय पच्चक्खाण घेतलं होतं? तिच्या मनात प्रभू होते की पुढचं कुलूपबंद दार?

आमच्या दुकानात एकदा नव्या मुनीमाने खर्चाची रक्कम ठेवीत मांडली होती. वही सुंदर दिसत होती, पण ती खोटी होती. मंडपातला तो बहुमान तसाच आहे. व्यवस्थेतली उणीव बायकांच्या पुण्याच्या खात्यात जमा करून टाकायची. वही सुंदर दिसते.

शिवाय नियम काय सांगतो तेही बघा. छ'री म्हणजे सहा गोष्टी: एकदाच जेवायचं, जमिनीवर झोपायचं, पायी चालायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, सचित्त टाळायचं आणि प्रतिक्रमणासारखी आवश्यक क्रिया करायची. यात पाणी प्यायचं नाही असं कुठे आहे? एकासण्याला उकळलेलं पाणी सूर्यास्तापर्यंत चालतं. त्या दिवसात सूर्योदय सातच्या सुमारास. नवकारशी धरली तर पावणेआठपासून, पोरसी धरली तरी पावणेदहापासून, ते थेट पावणेसहापर्यंत. म्हणजे कमीत कमी आठ तास पाण्याला मोकळीक आहे. भगवंतांनी ठेवलेली वाट आपण बंद केली, तीही फक्त बायकांसाठी.

"या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात," असं मला एका वडीलधाऱ्या काकूंनी सांगितलं. काकूंचा मान ठेवून विचारते, पाच समिती कोणत्या? ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण, आणि पाचवी? शरीरातला मळ कुठे, कसा, कोणत्या जागी टाकायचा, कोणत्याही जीवाला त्रास न होता, यासाठी भगवंतांनी एक आख्खी समिती दिली आहे. साधूंच्या महाव्रतांचं रक्षण करणाऱ्या आठ प्रवचनमाता आपण म्हणतो, त्यांतली ती एक. माता! ज्या धर्माने या विषयाला आईचा मान दिला, त्या धर्माच्या लेकींनी त्याची लाज धरायची?

दुसरं नेहमीचं म्हणणं: "आमच्या आज्या-पणज्या नाही का चालल्या? त्यांना कुणी तंबू बांधून दिले?" चालल्या. पण त्यांचा रस्ता बैलगाडीचा होता. कडेला झाडी, नाले, पडीक रान, तासातासाने एखादं वाहन. आज पडीक तुकड्यालाही तारेचं कुंपण आहे आणि ट्रकच्या रांगेत दोन मिनिटांची उसंत नाही. रस्ता बदलला, मग सोय बदलायला नको? आजीच्या चुलीवर आपण स्वयंपाक करतो का?

तिसरं: "एका दिवसाचा तर प्रश्न आहे." आपल्यासाठी एक दिवस, चार दिवस. आपल्या साध्वीजींसाठी? चातुर्मासाचे चार महिने सोडले तर त्या कायम याच रस्त्यांवर असतात. त्यांना आपलं शौचालयही चालत नाही, निर्जीव, कोरडी, आडोशाची जागा लागते. ती जागा दरवर्षी आक्रसते आहे. विहारात आपण त्यांच्यासोबत चार पावलं चालतो, गोचरीसाठी आग्रह करतो, पण त्यांना जागा कुठे मिळते हे कधी विचारलं? मी नव्हतं विचारलं. तापातून उठल्यावर विचारलं. एक साध्वीजी हसल्या आणि म्हणाल्या, "श्राविका, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या." त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही.

चौथं म्हणणं सर्वांत कडू: "एवढं जमत नसेल तर बायकांनी घरी बसावं, गाडीने यावं." म्हणजे संघ चतुर्विध आहे हे विसरायचं? साधू, साध्वी, श्रावक, श्राविका. ज्या संघाला आपण पंचविसावा तीर्थंकर म्हणून वंदन करतो, त्याचे दोन भाग बायकांचे आहेत. आणि मोजायचंच तर कोणत्याही पदयात्रेत बायकाच जास्त असतात. आमच्याही संघात होत्या. फक्त व्यवस्था ठरवणाऱ्या बैठकीत एकही नव्हती.

"पैसे कुठून आणायचे?" हे तर कुणी म्हणूच नये. मी शिरपूरच्या वाटेवरच होते म्हणून शिरपूरचीच गोष्ट काढते. या तीर्थासाठी श्वेतांबर आणि दिगंबर, दोन्हीकडच्यांनी १९०५ साली पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. १९१० साली दावा दाखल झाला. १९२९ साली तो पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. पुढे मंदिराला कुलूप लागलं ते चाळीसहून अधिक वर्षं, आपण झरोक्यातून दर्शन घेतलं. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तेव्हा मार्चमध्ये दार उघडलं. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, ते मी लिहिणार नाही. माझ्या शेजारची दिगंबर मैत्रीण आणि मी, आम्ही दोघी एकाच हापशावर वाढलो. मला एवढंच म्हणायचं आहे की, शंभराहून अधिक वर्षं वकिलांची फी द्यायला दोन्ही समाजांना पैसे कमी पडले नाहीत. लंडनला जायला रस्ता सापडला. मग मेडशी-मालेगावच्या मध्ये दहा फूट बाय दहा फुटांचा आडोसा सापडत नाही?

खर्च मी काढला आहे, सवयीप्रमाणे. आठ बांबू, तीस मीटर जाड कापड, सुतळी, चार बादल्या, चुना, राख, एक खोरं. मोकळी, कोरडी, हिरवळ नसलेली जागा शेतकऱ्याला आधी विचारून, त्याला योग्य मोबदला देऊन घ्यायची. काम झाल्यावर माती ओढून जागा होती तशी करून द्यायची. असा एक आडोसा माझ्या हिशेबाने पाच-सहा हजारांत होतो आणि बांबू-कापड पुढच्या टप्प्याला पुन्हा वापरता येतं. कापड आमच्या दुकानातून मी देईन, हे इथेच लिहून ठेवते. संघमाळेच्या बोलीत यापेक्षा जास्त रक्कम एका श्वासात वाढते, हे आपण डोळ्यांनी बघितलं आहे. बोली बोलणाऱ्यांच्या भावनेला माझं वंदन. पण पुढच्या वेळी एखादी बोली या आडोशाची लावा की! बघू कोण हात वर करतं.

आपल्याच जिल्ह्यातून, मालेगाव-शिरपूर-रिसोडच्या याच वाटेने दर वर्षी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते. आपल्यापैकी कित्येकींनी दारात उभं राहून वारकऱ्यांना पाणी दिलं असेल. तिकडे आळंदी-देहूच्या पालख्यांच्या वाटेवर आता फिरती शौचालयं उभी असतात. २०२२ पासून राज्य महिला आयोगाने "आरोग्य वारी" सुरू केली. वारीतल्या बायकांसाठी सॅनिटरी नॅपकिन, लेकुरवाळ्यांसाठी हिरकणी कक्ष, स्त्री डॉक्टर. तिथे लाखो माणसं असतात, तरी हा विषय कुणीतरी मोठ्याने बोललं. आपण दोनशे-तीनशे जणांचा संघ नेतो आणि म्हणतो, शक्य नाही.

आता तुमच्याकडे मागणं. फार नाही, चारच गोष्टी.

पदयात्रेचं नाव नोंदवताना, भाडं किती आणि खोली कोणती हे विचारता ना, तसंच विचारा: वाटेत बायकांची सोय कुठे कुठे आहे? उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा. एकीने विचारलं तर ती भांडकुदळ ठरते, वीस जणींनी विचारलं तर बैठक बसते.

बैठकीत दोन श्राविका बसवा. त्यांच्या हाती चहा-नाश्त्याची यादी देऊ नका, वाटेचा नकाशा द्या.

रस्त्याकाठच्या आपल्या घरांनी आणि दुकानांनी एक दार उघडं ठेवावं, संघासाठीही आणि साध्वीजींच्या विहारातही. मातीच्या भिंतीच्या त्या माउलीने ना आपला धर्म विचारला, ना जात. तिच्यापेक्षा आपलं घर लहान आहे का?

आणि शेवटचं, आपल्या स्वतःसाठी. पच्चक्खाण घ्यायचं तर घ्या, उपवास करा, अठ्ठम करा, झेपेल तेवढं आनंदाने करा. मी कुणाच्याही तपाआड येणार नाही. पण पाणी सोडायचं तर गुरूंसमोर हात जोडून, नाव घेऊन सोडा. लाजेपोटी सोडू नका. आणि लाजेपोटी सोडलेल्या पाण्यावर माइकवरून कुणी अनुमोदना मागितली, तर निदान हात जोडून बसू नका. मी जोडले होते. त्याचं प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

या पोष दशमीला मला पुन्हा जायचं आहे. मेडशीहून मालेगाव, मालेगावहून शिरपूर, आणि या वेळी शेवटचं पाऊलही पायीच. नाव नोंदवायला गेले तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारला. पलीकडचे बंधू जरा घुटमळले, मग म्हणाले, "ताई, विचारून सांगतो." मी म्हटलं, "सावकाश विचारा. मी उद्या पुन्हा येते, आणि एकटी येणार नाही."

कुणाचं मन दुखावलं असेल तर त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. पण लिहिलेलं मागे घेत नाही.